मागचा उजवा दिवा

माझ्या मावशीची गाडी मावशीच्याच स्वभावाची होती. सुरू व्हायला वेळ लावायची, पण एकदा सुरू झाली की कोणाचं ऐकायची नाही. गोल दिव्यांची, दार आपटून लावावं लागणारी ती जुनी गाडी पेणच्या एका डॉक्टरांची. त्यांनी नवी घेतली तेव्हा ही मावशीने घेतली. त्याच वर्षी ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली होती. लग्न केलेलं नव्हतं, घर स्वतःचं होतं, तब्येत ठणठणीत होती. तिच्या बरोबरीच्या बाया निवृत्तीनंतर काशीला गेल्या, ही ड्रायव्हिंग स्कूलला गेली. तिथला शिकवणारा तिचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यामुळे क्लच चुकला की ओरडा कोणी कोणाला द्यायचा याचा घोळ व्हायचा, आणि शेवटी ओरडायची तीच.

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि रोह्याला लागूनच वरसे गावात राहत होतो. मावशी महिन्यातून एखाद्या रविवारी पोह्याचे पापड, आंब्याचं लोणचं आणि शेजारच्या चार बातम्या घेऊन पेणहून नागोठण्यामार्गे गाडी हाकत यायची. बायको तिची वाट बघायची. मीही बघायचो, पण तसं दाखवायचो नाही. कारण आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय रे, अजून चिडतोस का कामावर?"

मी चिडायचो हे खरंच. माझा राग नाकावर असे. मोटार बंद पडली की मोटारीवर, फ्यूज उडाला की फ्यूजवर, आणि सगळं नीट चालू असलं तर बायकोवर.

आदल्या पावसाळ्यात मावशीची गाडी नागोठण्याजवळ पाण्यात बंद पडली. अंबा नदी रस्त्यावर आली होती आणि ही बाई, "एवढंसं तर पाणी," म्हणून आत शिरली. गावातल्या पोरांनी ढकलून गाडी बाहेर काढली, कोणीतरी चहा दिला, आणि भिजलेली मावशी दुपारी आमच्या घरी येऊन मोठ्या कौतुकाने ही हकिगत सांगत बसली. ती हकिगत ठाण्याला मामाच्या कानावर गेली आणि मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

मामा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला. दोघांचं लहानपण पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात गेलं, पण मामा इतकी वर्षं ठाण्याला राहिला की त्याच्या बोलण्यातला गावाचा वास पार उडून गेला होता. गावाकडचे लोक 'नाय' आणि 'हाय' म्हणायचे. तो 'नाही' आणि 'आहे' म्हणायचा, तेही शिरस्तेदारासारखं ठासून. मनाने मात्र माया करणारा माणूस. बहीण एकटी राहते याचा त्याला घोर लागलेला असायचा.

"तू ठाण्याला ये," तो म्हणाला. "खोली रिकामी आहे. इथे तुला काही झालं तर कळणार कोणाला?"

"मला काय होतंय?" मावशी म्हणाली.

हा वाद वर्षभर चालला. शेवटी गाडीची पंधरा वर्षं भरत आली. पंधरा वर्षं झाली की गाडी तपासून पुन्हा पास करून घ्यावी लागते. ते कळल्यावर मामाने एक तोड काढली. म्हणाला, "गाडी पास झाली तर तू इथे राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नापास झाली तर गाडी भंगारात द्यायची आणि तू ठाण्याला यायचं. गाडीशिवाय तुझं इथे चालणार नाही हे तूच म्हणतेस."

मावशी तावातावाने "कबूल" म्हणून गेली. मग रात्रभर झोपली नाही. हे तिने मला सांगितलं नाही. तिच्या शेजाऱ्याने सांगितलं.

हा शेजारी म्हणजे गणपतीच्या कारखान्याचा मालक. पेणला मूर्ती बनवायच्या जागेला कारखानाच म्हणतात. मावशीच्या घराला लागून त्याची लांबलचक शेड होती. आत फळ्यांवर गणपतींच्या रांगा. तोही मावशीचा विद्यार्थी. पन्नाशीला आलेला, केस पिकलेले, हातावर कायम कुठला ना कुठला रंग, आणि मावशी दिसली की अजूनही विडी पाठीमागे लपवणारा.

त्या कारखान्याचा मावशीला एक वेगळाच उपयोग होता. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो की नाही हे गाडीत बसलेल्या एकट्या माणसाला कळत नाही. एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं, अशीच पद्धत आहे. मावशीकडे दुसरं माणूस नव्हतं. मग ती गाडी उलटी घेऊन कारखान्याच्या तोंडाशी लावायची, ब्रेक दाबायची आणि आरशात बघायची. शेडच्या अंधारात रंग न दिलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती बसलेल्या असायच्या. त्या लाल झाल्या की दिवे ठीक. गणपती रंगवून झाले, गिऱ्हाइकांनी नेले की मग पुढच्या साच्यांपर्यंत चुना मारलेल्या भिंतीवर भागवायची.

तर हे पासिंगचं कानावर गेल्यावर कारखानदार म्हणाला, "बाई, गाडीला रंग मी देणार. गॅरेजवाले वरवरचा फवारा मारतात. मला द्या ती."

मावशीने दिली. त्याने काय रंगवली म्हणून सांगू! हंगाम तोंडावर असताना त्याने गाडीसाठी वेळ काढला. सगळे दिवे उतरवले, पत्रा घासला, गंज काढला, आधी अस्तराचा हात, मग रंगाचे पातळ हात एकावर एक. मोतिया रंग, आणि खालच्या अंगाला बारीक तांबडी रेघ. ती रेघ त्याने फूटपट्टी न लावता ओढली होती. दाराच्या आतल्या कडा, बॉनेटची खालची बाजू, डिकीतला कोपरा, कुठे नखाएवढी जागा कोरी नव्हती. मूर्तीची पाठ भिंतीकडे असते, ती कोणाला दिसत नाही, तरी ती रंगवायचीच, हा त्याच्या बापाचा नियम. "पाठ कोरी ठेवायची नाय," असं बाप म्हणायचा म्हणे. तोच नियम त्याने गाडीला लावला. मग दिवे जिथल्या तिथे बसवून गाडी मावशीच्या दारात आणून उभी केली आणि वर एक नारळ फोडला.

शनिवारी संध्याकाळी मला मावशीचा फोन आला. सोमवारी सकाळी पासिंग होतं.

"अरे, दिवे वेड्यासारखे करतायत," ती म्हणाली. "उजवीकडचे गणपती पांढरेच राहतात."

"काय?"

"ब्रेक दाबला की डावीकडचेच लाल होतात. उजवीकडचे अगदी थोडे, आजाऱ्यासारखे. आणि ब्रेक दाबला की पुढचे बारीक दिवे आपोआप मिणमिणतात. ब्रेकचा आणि पुढच्या दिव्यांचा काय संबंध?"

"काही संबंध नाही," मी म्हणालो. "मी उद्या येतो. दहा मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी बोललो आहे त्या त्या वेळी तोंडावर आपटलो आहे. पण मेंटेनन्सचा माणूस ते बोलल्याशिवाय राहू शकत नाही.

रविवारी सकाळी स्कूटरवर पिशवी अडकवून निघालो. उन्हाळ्याचे दिवस, मे महिना. नागोठणं मागे टाकलं, वडखळला डोलवीच्या कंपनीकडे वळणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत पेणला पोचलो तेव्हा घामाने निथळत होतो. मावशीने सरबत पुढे केलं. मी ऐटीत म्हणालो, "आधी काम." कंपनीत मी मोठमोठ्या मोटारींची पॅनेल सांभाळायचो. ही तर बारा व्होल्टची गाडी. हात लावला तरी शॉक बसत नाही. मला तिच्याविषयी थोडा तुच्छभावच होता.

मी फ्यूज बघितले. ठीक होते. तरी बदलले. उजवा बल्ब काढून डावीकडे लावला, तिथे तो झकास पेटला. डावीकडचा उजवीकडे लावला, तो मलूल झाला. म्हणजे बल्ब निर्दोष. ब्रेकच्या पॅडलपाशी एक छोटं बटण असतं, ते तपासलं. तेही ठीक. पुढे येऊन मोठे दिवे लावले. उजवा भगभगीत, डावा समईसारखा. उजवीकडे वळायचा दिवा लावला तर मागे भलतंच काहीतरी उघडझाप करू लागलं. मग मी मागची सीट उपटली, दिव्याकडे जाणारी वायर खराब असणार असं ठरवून नवी वायर ओढली. ती ओढता ओढता जेवणाची वेळ झाली. मावशी तीनदा बोलवून गेली, तीनदा मी खेकसलो. नवी वायर जोडून मावशीला ब्रेक दाबायला सांगितला. उजवा दिवा पहिल्यासारखाच, आजारी.

मी पक्कड अंगणात भिरकावली. ती तुळशीच्या कुंडीला लागली.

"उचल," मावशी म्हणाली. अगदी चौथीच्या वर्गात म्हणायची तशी. मी उचलली.

"आता जेव. मग बघ."

"जेवून काय दिवा लागणार आहे?"

"न जेवताही लागला नाहीच ना?"

मी हात धुऊन पानावर बसलो. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. मी मुकाट्याने जेवलो. मावशी मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. बघत होती खिडकीबाहेर, गाडीकडे.

"ठाण्याच्या खोलीला खिडकी आहे," ती म्हणाली. "समोरच्या इमारतीची भिंत दिसते. दादाने खोलीला रंग दिलाय नवीन."

एवढंच बोलली. कबूल केलेल्या गोष्टीवरून मावशी मागे फिरणारी नव्हती. सोमवारी गाडी नापास झाली तर मंगळवारी ती खरोखर सामान बांधायला घेणार, हे तिला मी ओळखत असल्यामुळे मला पक्कं कळत होतं. मग मला स्वतःचाच राग आला, आणि या वेळी तो कामाला आला.

मी पिशवीतून टेस्ट लँप काढला. म्हणजे काय, एक छोटा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि एका वायरीच्या टोकाला चिमटा. सकाळीच काढायला हवा होता. चिमटा सरळ बॅटरीच्या मायनसला लावला आणि दुसरं टोक उजव्या दिव्याच्या वायरीला टेकवलं. मावशीने ब्रेक दाबला. माझा बल्ब लख्ख पेटला.

"वीज येतेय," मी म्हणालो. "दिव्यापर्यंत पूर्ण येतेय. मग हा मेला पेटत का नाही?"

मावशी गाडीतून उतरून मागे आली. कमरेवर हात ठेवून त्या दिव्याकडे बघत राहिली.

"येते ती कळली," ती म्हणाली. "जाते कुठून?"

मी टेस्ट लँप खाली ठेवला.

मावशी चौथीला विज्ञान शिकवायची तेव्हा तिचा विजेचा एक खेळ होता. मुलांना मैदानात हात धरून गोल उभं करायचं. एक मूल सेल, समोरचं एक मूल बल्ब. सेल झालेल्याने शेजारच्याचा हात दाबायचा, त्याने पुढच्याचा, असं करत दाब गोल फिरून पुन्हा सेलपाशी आला की बल्ब झालेल्याने उडी मारून ओरडायचं, "लागला!" मध्येच कोणी हात सोडला की खेळ थांबला. पेण तालुक्यातली निम्मी पोरं हा खेळ खेळून मोठी झाली. मीही सुट्टीत तिच्या शाळेत जाऊन खेळलो होतो.

कंपनीत आम्ही जायची वायर आणि यायची वायर अशा दोन्ही वायरी डोळ्यांनी बघतो. गाडीत दिव्याकडे एकच वायर जाते. परत यायची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. दिवा पत्र्याला बोल्टने बसवलेला असतो, त्या बोल्टातून वीज पत्र्यात जाते आणि पत्र्यातून बॅटरीकडे परतते. याला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती वाट बंद झाली की बिचारी वीज दुसऱ्या दिव्याच्या वायरीत शिरून उलटी हिंडते, म्हणून ब्रेक दाबला की पुढचे दिवे मिणमिणायचे. हे सगळं मला येत होतं. पण सकाळपासून मी वीज येते कशी तेवढंच बघत होतो.

मी उजव्या दिव्याचा बोल्ट काढला. दिवा बाजूला केला. खाली पत्र्यावर सुंदर, गुळगुळीत, मोतिया रंग. एकावर एक दिलेले पातळ हात. बोल्टाच्या भोकाच्या आतसुद्धा रंग. बोल्टालासुद्धा रंग. दिव्याच्या कडेलाही रंग. कोरी म्हणून जागा नव्हती, आणि रंगातून वीज जात नाही. डावा दिवा लागत होता तो केवळ तिथला बोल्ट आवळताना रंगाचा टवका उडाला होता म्हणून.

मी खो खो हसत सुटलो. मावशीलाही आधी हसू आलं. मग ती एकदम गंभीर झाली.

"त्याला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, खरवडावं लागेल!"

"खरवड. पण त्याला कळता कामा नये. त्याने किती जीव ओतलाय त्यात. माझ्या गाडीला त्याच्यामुळे असं झालं हे कळलं तर हंगामभर त्याचा हात चालायचा नाही."

म्हणजे आता चोरून काम. कारखान्यातले कारागीर जेवून आडवे झाले होते. कारखानदारही शेडमध्ये पोत्यावर झोपलेला दिसत होता. मी गाडीमागे उकिडवा बसलो, मावशी मला आडोसा म्हणून पदर पसरून उभी राहिली, वाळवण राखायला बसल्यासारखा चेहरा करून. मी ब्लेड काढलं आणि हळूच रंगावर ओढलं. खर्र.

माणसाला आपल्या पोराचं रडणं झोपेतही कळतं म्हणतात. याला रंग खरवडल्याचा आवाज कळला. तो ताडकन उठून आला.

"बाई, काय चाललंय? दादा, काय करता तिथं?"

"काही नाही रे," मावशी म्हणाली. निवृत्त शिक्षिकेला खोटं बोलणं किती अवघड जातं ते मी त्या दिवशी बघितलं. कान लाल झाले होते तिचे.

त्याने वाकून बघितलं. ब्लेड, रंगाचा भुगा, उघडा पडलेला पत्रा. त्याचं तोंड असं झालं की मलाच भरून आलं. मूर्तीवरचा रंग तो कधी खरवडत नसे. बिघडली तर वरून दुसरा हात, पण खरवडायचं नाही.

मग सांगण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. मी अर्थिंगबद्दल बोलायला लागलो. वीज, पत्रा, बोल्ट, मायनस. त्याच्या कपाळावरची आठी वाढतच गेली. मावशीने मला हाताने गप्प केलं.

"तुला मैदानातला गोल आठवतो का?" तिने विचारलं. "हात धरायचो तो?"

"व्हय बाई. मी दरवेळी बल्ब व्हायचो. आवाज मोठा म्हणून."

"मग दिव्याने एका हाताने वायर धरलीय. दुसऱ्या हाताने पत्रा धरायचाय. मध्ये तुझा रंग आलाय."

त्याने दिव्याकडे बघितलं, बोल्टाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे मी हात सोडवला, बाई?"

"अरे, तू एवढं नीट काम केलंस म्हणून झालं हे," मावशी म्हणाली. "अर्धवट केलं असतंस तर लागला असता दिवा."

हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. आधी ओठांच्या कडेला, मग सगळ्या तोंडभर. "नाय, अर्धवट आपल्याला जमत नाय," तो म्हणाला. मग माझ्या हातातलं ब्लेड त्याने काढून घेतलं, जरा रागानेच. "आणि असं ओरबाडू नका. किती जागा हवी तुम्हाला?"

"चार आण्याच्या नाण्याएवढी."

त्याने शेडमधून आपली कोरणी आणली. बोल्टाच्या भोकाभोवती एक गोल आखला आणि त्या गोलातला रंग असा उतरवला की कड चंद्रकोरीसारखी स्वच्छ. "कोरं ठेवायचंच, तर नीट कोरं ठेवू," तो म्हणाला. मागचा दिवा झाला, मग पुढचा डावा, मग वळायचे चारही. प्रत्येक ठिकाणी गोल नाण्याएवढी जागा, एकसारखी. बोल्टही घासून पांढरे केले. खाडीच्या हवेने उघडा पत्रा गंजू नये म्हणून बोल्ट आवळल्यावर मी वरून ग्रीस लावलं. एव्हाना कारागीर उठून भोवती जमले होते आणि प्रत्येक जण मला सल्ला देत होता.

मावशीने गाडी सुरू केली आणि उलटी घेऊन कारखान्याच्या तोंडाशी लावली. आम्ही सगळे शेडमध्ये, मूर्तींच्या रांगांमध्ये उभे. मावशीने ब्रेक दाबला.

डावीकडचे गणपती लाल झाले. उजवीकडचेही लाल झाले. पांढऱ्या सोंडा, पांढरे कान, पांढरी पोटं, खालच्या फळीपासून वरच्या फळीपर्यंत सगळी शेड लाल झाली, आणि आमचे चेहरेही. कारखानदाराने उडी मारली आणि चौथीतला आवाज काढून ओरडला, "लागला!"

सोमवारी सकाळी मामा पहिल्या एसटीने आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "रंग उत्तम आहे." मावशी, मामा गाडीतून आणि मी मागे स्कूटरवर असे पासिंगच्या मैदानावर गेलो. ट्रक, टेंपो, रिक्षा यांची रांग होती. ऊन चढत गेलं. आमचा नंबर आला तेव्हा तपासणारे साहेब गाडीच्या पुढे उभे राहिले. हॉर्न, वायपर, मोठे दिवे, वळायचे दिवे. सगळं लागलं. प्रत्येक दिव्याला मी मनातल्या मनात त्याचा बोल्ट आवळत होतो.

"आता ब्रेक दाबा," साहेब म्हणाले. मग गाडीच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या मामाला म्हणाले, "काका, तुम्ही बघा तोवर, दोन्ही लागतायत का. मी आलोच."

मी पाऊल उचललं, पण मामा दिव्याच्या अगदी जवळ होता. डावा दिवा त्याला दिसला. उजव्यावर ऊन थेट पडलं होतं. अशा उन्हात काच लाल आहे की दिवा लागलाय हे कळत नाही. मामाने छत्री खाली ठेवली. गुडघ्यावर हात देत देत वाकला. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून त्यात तोंड घातलं आणि बघत राहिला.

मावशी मान न वळवता समोर बघत होती. मला वाटलं, आता हा म्हातारा चष्मा पुसणार, मग म्हणणार, "नीटसा दिसत नाही." त्याला ती ठाण्याला हवी होती. रिकामी खोली त्याने रंगवून ठेवली होती. माझी मूठ वळली.

आणि मामा तिथूनच, वाकलेलाच, ओरडला, "व्हय गो, लागला! दोनी लागले! चांगले लागले गो!"

मैदानातली माणसं वळून बघायला लागली. त्याच्या तोंडून 'गो' मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मावशीने ऐकला असेल तो लहानपणी, खाडीच्या बांधावर कधीतरी. साहेब मागे आले, त्यांनीही हाताचा आडोसा करून बघितलं आणि मान डोलावली. गाडी पास झाली.

मामाने छत्री उचलली, पँट झटकली. मावशी उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरले होते तिचे.

"मी नाही म्हटलं असतं तरी त्यांनी बघितलंच असतं," मामा म्हणाला. पुन्हा ठाण्याचा झाला होता.

"पण तू म्हटलं नाहीस, दादा," मावशी म्हणाली.

मामा जेवायलाही थांबला नाही. म्हणाला, दुपारची एसटी बरी पडते. "गणपतीची मूर्ती न्यायला येईन तेव्हा स्टँडवर गाडी घेऊन ये. तोवर पावसात नागोठण्याकडे फिरकू नकोस." एवढं बोलून तो पुढच्या सीटवर बसला आणि दार दोनदा आपटून लावलं.

मी स्कूटरवर त्यांच्या मागे निघालो. स्टँडपर्यंतचा रस्ता दुपारचा मोकळा होता. पुढे रिक्षा नव्हती, गाय नव्हती, खड्डासुद्धा नव्हता. तरी मावशी थोड्या थोड्या वेळाने ब्रेक दाबत होती. मागचे दोन्ही दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. मग मला कळलं की आरशात तिला मी दिसतोय. आणि मी, चिडका म्हणून कंपनीत प्रसिद्ध असलेला माणूस, डोळे पुसत, भर रस्त्यात, प्रत्येक वेळी हात वर करून ओरडत होतो, "लागला! लागला!"